तपासलेला टायर

चौकशीच्या खोलीत मॅनेजरांनी मोटरसायकलचा फोटो टेबलावर सरकवला. मडगार्डवरचा स्टिकर स्पष्ट दिसत होता : ‘टायर तपासले’, खाली भगवान साटमांची सही. टायर ठीक होते म्हणजे पोरगाच वेगात असणार, असं म्हणून त्यांनी अपघातात जखमी झालेल्या कामगाराची, कुंदनची चूक लिहून टाकली. भगवान मान खाली घालून ऐकत राहिले.

रबाळ्याच्या त्या कारखान्यात ते वीस वर्षं सेफ्टी क्लार्क होते. मार्चच्या सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या गाड्यांचे टायर बघायचं काम त्यांच्याकडे आलं. टायर नीट बघायचा तर उकिडवं बसून चाक फिरवावं लागतं, नक्षीत बोट घालावं लागतं. पण त्या दिवशी हेड ऑफिसचे साहेब शेजारी उभे होते आणि भगवानांच्या अंगावर नवी सफारी होती. साहेबांसमोर धुळीत बसायची त्यांना लाज वाटली. उभ्याउभ्याच नजर टाकत ते स्टिकर लावत गेले.

तपासणीनंतर चौथ्या दिवशी टँकरमधून रस्त्यावर सांडलेल्या पाण्यावर कुंदनची गाडी घसरली. पाय तीन ठिकाणी मोडला. गाडी टेम्पोतून कारखान्यात आणली तेव्हा भगवानांनी खाली बसून मागचं चाक फिरवलं. कडेला नक्षी होती. मधला पट्टा घासून पार गुळगुळीत गोटा झाला होता, धागे दिसत होते. तरी अडीच आठवड्यांनी झालेल्या चौकशीत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

चौकशीनंतर दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं कागदावर लिहून मॅनेजरांच्या हातात दिलं आणि संध्याकाळी दिघ्याला कुंदनच्या घरी गेले.

कुंदन खाटेवर पडून होता. भगवानांनी काही न लपवता सांगितलं. गाडी सावकाशच होती, टायर घासलाय हे आपल्यालाही कळायला हवं होतं, पण स्टिकर लागला म्हणून निर्धास्त झालो, एवढंच तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “काका, हे माझ्या आईला सांगाल? ती रोज मलाच बोलते.”

त्याची आई पुतळाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. भगवानांनी तेच पुन्हा सांगितलं. तिचे हात थांबले.

“म्हंजे माजा पोर सावकाश चालवत व्हता?”

“हो.”

“आनि मी तीन आठवडं त्याला शिव्या देतंय.”

सूप तिथंच ठेवून ती आत गेली. खाटेच्या कडेला बसून तिने मुलाच्या प्लास्टरवर हात ठेवला.

भगवान अंगणातच उभे होते. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, बसा असंही कुणी म्हणालं नाही.