बसत्या उंचीचा आरसा

“काकूंना आतल्या खोलीतच बसू द्या, काका. धूळ फार उडणार आज,” मिस्त्री म्हणाला आणि घमेलं घेऊन आत आला.

“बरं,” तो म्हणाला.

सांगायचं ते तिथेच, दारात सांगायला हवं होतं. बायको गेली, महिना झाला, आता काम नको. पण मिस्त्रीने चपला काढल्यासुद्धा होत्या, आणि तोंडातून निघालं ते ‘बरं’. महिनाभर तो सगळ्यांना एवढंच म्हणत होता.

मिस्त्रीने आतल्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं, खालच्या फटीला ओलं फडकं लावलं.

बाथरूम घराएवढंच जुनं. पिवळट टाइल्स, अडखळवणारा उंबरा, सदा ठिबकणारा नळ. ती असताना मिस्त्री माप घ्यायला आला होता तेव्हा त्याने टेप खिशातच ठेवला होता. तिची चाकांची खुर्ची भिंतीशी नेली, सहज पोचेल तिथे तळवा टेकवायला सांगितला आणि पेन्सिलीने बोटांभोवती रेघ ओढली.

“हाताचा फोटो काढताय होय? मग हसवा तरी त्याला,” ती म्हणाली होती.

धरायचा दांडा त्या रेघेवर. नळ त्याच्या शेजारी. आरसा खुर्चीत बसलेल्या तिच्या डोळ्यांसमोर.

तिच्या नवऱ्याचं आयुष्य गोदामाच्या वजनकाट्यावर गेलं. पोती यायची, पोती जायची; तो आकडा पुकारायचा. निवृत्त झाल्यावर तिला उचलायचा, खुर्चीतून स्टुलावर, स्टुलावरून खुर्चीत. ती हलकी होत चाललीय हे डॉक्टरांच्या आधी त्याच्या दंडांना कळलं होतं.

“काय म्हणतंय पोतं?” ती विचारायची.

“भरलेलं आहे.”

“खोटारडे! वाका जरा. बटण चुकलंय.”

मिस्त्री छिन्नीवर हलके घाव घालत होता. दोन घाव, मग दाराकडे कान.

“काकूंना आवाजाचा त्रास नाही ना?”

“नाही.”

हाताची खूण असलेली टाइल मधोमध फुटून सुटली. मिस्त्रीने खुणेची उंची आधीच मोजून घेतली होती, त्यामुळे तुकडे घमेल्यात टाकले. बाथरूमच्या दारातून तो पाहत राहिला. काही तरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. घमेलं त्याने स्वतः उचलून बाहेर नेऊन रिकामं केलं.

दुपारी मुलगी आली.

“या ताई. काकूंसाठी हळूच ठोकतोय,” मिस्त्री म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. “बाबा! तुम्ही यांना सांगितलंच नाही?”

मिस्त्रीच्या हातातला हातोडा खाली आला. “अहो काका… सकाळपासून मी त्या दाराला…”



“आता सगळं नेहमीच्या उंचीला घ्या,” मुलगीच म्हणाली. “बाबा केवढे ताडमाड! रोज वाकून कंबरडं मोडेल त्यांचं. कुणासाठी ते खाली लावायचं?”

“अजून काही बसवलेलं नाही, काका. म्हणाल तसं करू.”

तो उघड्या भिंतीकडे बघत होता. “खूण गेली ना?”

“खूण गेली. माप आहे माझ्याकडे.”

“मग तेच ठेवा.”

“बाबा, एकदा रडून घ्या हवं तर. पण हे असं…”

“बरं,” तो म्हणाला. “माप तेच.”

मिस्त्रीने छिन्नी उचलली. आता जोरात ठोकायला हरकत नव्हती. तरी घाव हलकेच पडत राहिले, आणि आतल्या खोलीचं दार लावलेलंच राहिलं.

काही दिवसांनी काम संपलं, मिस्त्री गेला, मुलगीही आपल्या घरी परतली. दुसऱ्या सकाळी तो तोंड धुवायला आत शिरला. उंबरा नव्हता, पाऊल सवयीने उंच उचललं गेलं आणि सपाट फरशीवर दाणकन पडलं. भिंती पांढऱ्या, कोरड्या, कुणाच्याच नसल्यासारख्या.

समोर आरसा. त्यात डोकं नव्हतं, खांदे नव्हते. नुसता सदरा. खुर्चीतून तिला तो असाच दिसत असणार, बटणांपासून सुरू होणारा.

बटणं एक घर सोडून लागली होती. कधीपासून, कोण जाणे.

त्याने स्टूल ओढलं, दांडा धरला, हळूहळू बसला. आरशात चेहरा आला. त्याकडे न बघता त्याने सगळी बटणं काढली आणि खालून एकेक पुन्हा लावायला घेतली.