नमुन्यासाठी लावलेला फोटो

नंदकिशोरच्या उजव्या हाताची तीन बोटं मी मोडली. हातोडीनं. वकील म्हणतो, चुकून लागली असं सांगा. मी नाही सांगणार. नेम धरून मारली. पण ती का मारली हे कोणी धड ऐकून घेत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात, माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, दहावीचे टक्के, कोणाकोणाची अभिनंदनं, सगळं मीच डिझाईन करते, मीच छापते. दोरी ओवायच्या भोकांना पितळी कड्या ठोकायच्या, तेही मीच. त्या ठोकायला एक छोटी जड हातोडी कायम टेबलावर पडलेली असते. तीच ती.

घरात तिघं. आई नंदा, महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेली. मी संघमित्रा, आईची नुसती मित्रा. आणि धाकटा सम्यक, फौजेत, सीमेवर.

त्या आठवड्यात टीव्हीवर एकच रट लागली होती. पलीकडचे आपल्यावर हल्ला करणार आहेत, म्हणून त्यांच्याआधी आपणच करायचा. दोन वर्षांपूर्वी हेच सांगून एक लढाई झाली होती. तेव्हा म्हणाले, पुरावा दाखवू. अजून दाखवतायत. आमच्या मागच्या सोसायटीतल्या वनमालाताईंचा निहार त्यात गेला. बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, जन्मात कोणाशी आवाज चढवून बोलल्या नसतील. यावेळी त्यांनी आणि माझ्या आईनं मिळून स्टेशनजवळ एक घडीचं टेबल टाकलं, वर पुठ्ठा लावला: 'आधी पुरावा दाखवा, मग आमची पोरं न्या.' रोज चार ते सात सह्या गोळा करायच्या. लोक करायचे सुद्धा. काही जण मान खाली घालून, आजूबाजूला बघत. एक भाजीवाली रोज विचारायची, "होणार का हो परत?" आई म्हणायची, "आपण गप्प बसलो तर होणारच."

सम्यकचा फोन चार दिवस बंद होता. तिकडे सगळ्यांचेच काढून घेतले होते. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, पण भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं होतं.

शनिवारी नंदकिशोर दुकानात आला. सीमारक्षक प्रतिष्ठान नावाची त्याची संघटना, नाक्यानाक्यावर त्याच्या हसऱ्या थोबाडाचे बोर्ड, माझं जुनं गिऱ्हाईक.

"संघमित्राताई, दोन डिझाईन टाक. एक उद्याच्या मोर्चाचं. दुसरं श्रद्धांजलीचं. शहीद जवान अमर रहे, तिरंगा, ज्योत, आणि खाली आमचं नाव जरा मोठं."

"कोण गेलं?" मी माऊस सोडून विचारलं.

"अजून कोणी नाही. पण सुरू झालं की जाणारच ना कोणीतरी. तेव्हा सगळे एकदम धावतील. आपला बोर्ड पहिला लागला पाहिजे. फोटोची जागा ठेव, नंतर टाकू."

"लाज वाटते का रे? माणसं जिवंत आहेत अजून!"

"चिडू नको ना यार. तयारी असलेली बरी."

तेव्हाच त्याला दुकानाबाहेर काढायला हवा होता. नाही काढला. जुनं गिऱ्हाईक, जाऊ दे म्हटलं. हे माझं पहिलं पाप.

दुसरं त्याहून मोठं. रिकामी चौकट पाठवली की गिऱ्हाईकाला डिझाईन कळत नाही, म्हणून आमच्या धंद्यात नमुन्याला कोणाचा तरी फोटो टाकतात. बारशाला मी वाकोल्याच्या मावशीच्या नातीचा टाकते. वर्दीतला फोटो माझ्याकडे एकच होता, सम्यकचा. तो टाकला, कोपऱ्यात 'नमुना' लिहिलं आणि नंदकिशोरला पाठवून दिला. दुसऱ्या घरातली बाई असती तर तिचा हात अडला असता. आमच्याकडे शकुन-अपशकुन चालत नाहीत. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच ते सगळं घराबाहेर गेलं. मांजर आडवं गेलं तर आई त्याला दूध घालते. मग माझा हात कशाला अडेल? उलट फोटो लावताना मी मनात म्हटलं, काय झकास दिसतोय आमचा येडा.

रविवारी साडेचारला वाकोल्याहून मावशीचा फोन आला. ती रडत होती. "मित्रा, सम्यक गं... आम्हाला कळवलं पण नाही तुम्ही... भन्तेजींना सांगायचं का?"

मी व्हॉट्सॲप उघडलं. माझंच डिझाईन. 'नमुना' कापून टाकलेला. कोणीतरी सम्यकला ओळखलं होतं आणि खाली लिहिलं होतं, घाटकोपरचा वीरपुत्र सम्यक हिवराळे, रक्ताचा बदला रक्तानं. रंग मी निवडलेले, ज्योत मी चिकटवलेली, तरी क्षणभर मलाही वाटलं, गेला. सम्यकला फोन लावला, बंद. नंदकिशोरनं उचलला नाही. आईचा वाजून वाजून थांबला.

मग डोक्यात एकच राहिलं. मोर्चा स्टेशनकडे जाणार होता आणि आईचं टेबल स्टेशनजवळ होतं. त्या फोटोच्या आधी मला आईपर्यंत पोचायचं होतं. शटरही न ओढता मी पळत सुटले.

कोपऱ्यावर वळले तर माणसंच माणसं. कुर्ल्यापासून मालाडपर्यंतची टेम्पो भरून आणलेली. पुढे दोघांनी धरलेला, लाकडी चौकटीवर ताणलेला तो फ्लेक्स, घाईघाईत दुसरीकडून छापून आणलेला. कड्यासुद्धा धड ठोकल्या नव्हत्या. सगळ्या डोक्यांच्या वर माझा भाऊ हसत होता.

टेबलापाशी आधीच मारामारी पेटली होती. सह्यांचे कागद फाडून उधळले होते. वनमालाताई ओरडत होत्या, "माझा मुलगा गेलाय! मला विचारा काय असतं ते!" एकानं त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. आईनं टेबल उचलून ढालीसारखं आडवं धरलं होतं आणि त्याचे लोखंडी पाय एकाच्या पोटात खुपसत होती. साठी उलटलेली बाई, चौघांना आवरत नव्हती. "ये ना! ये पुढे! टीव्हीसमोर बसून लढाया करता, भाड्यांनो! तुमच्या घरातलं कोण गेलंय तिकडे?" झेंड्यांच्या काठ्या टेबलावर धडाधड पडत होत्या. मला वाटलं, धरेल ही. अजून एक मिनिट धरेल, तेवढ्यात मी पोचते.

मी कोपरानं माणसं हाणली, एकाच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावले. कोणीतरी केस धरून मागे खेचलं, पाठीत काठी बसली. आईला कळावं म्हणून मी जीव खाऊन ओरडले, "सम्यक!"

आणि माझ्या भोवतीच्या पन्नास गळ्यांनी उत्तर दिलं, "अमर रहे!"

"सम्यक जिवंत आहे!"

"अमर रहे! अमर रहे!"

त्यांना नुसतं नावच ऐकू येत होतं. मी जितकी ओरडले तितका त्यांना जोर चढला. अरे, ऐका रे मेल्यांनो, म्हणून मी रडले, भीक मागितली. कोणी बघितलंसुद्धा नाही.

आईनं माझा आवाज ओळखला. तिनं मान वळवली. मी दिसले नाही, फ्लेक्स दिसला. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. ते ओठ हलताना मी बघितले. मग तिचे हात खाली आले आणि टेबल पडलं. कोणी ओढून घेतलं नाही, तिनंच सोडलं. कोणीतरी दुसऱ्या बोर्डाची पट्टी उपसली होती, खिळ्यांसकट. ती तिच्या डाव्या कानावर बसली. दुसरी डोक्यात. तिनं हात वर केलेच नाहीत. गुडघ्यांवर बसली, रक्त हनुवटीवरून टपटपत होतं, आणि नजर त्या फोटोवर.

वनमालाताई किंचाळल्या, "अरे थांबा! ती त्याची आई आहे! त्या फोटोतल्या पोराची आई!"

एकदम थांबले सगळे. ज्याच्या हातात पट्टी होती, तिशीचा बाप्या, तो वाकून आईच्या पायांना हात लावायला लागला. पट्टी तशीच हातात. मागून घोषणा आली, "वीरमाता नंदाताईंचा विजय असो!" ज्यांनी मारलं त्यांनीच तिला उचलून रिक्षात घातलं, वर जयजयकार. मी त्या बाप्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं पुसलंही नाही, रडत होता साला.

कवटीला चीर, अकरा टाके, डावा कान कायमचा गेला. सोमवारी सकाळी हॉस्पिटलात तिनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "कधी आणतायत गं त्याला?"

"आई, तो जिवंत आहे. तो नमुना होता नमुना. मीच बनवला."

"मला बरं वाटावं म्हणून काहीही नको बोलू, मित्रा."

"आईशप्पथ!"

"मग लाव त्याला फोन."

लावला. बंद. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

म्हटलं, 'नमुना' लिहिलेली मूळ फाईलच छापून आणते, डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल. दुकानात आले, कॉम्प्युटर लावला, तोवर नंदकिशोर हजर. हातात फुलं.

"गैरसमज झाला, ताई. मी ग्रुपवर नुसतं डिझाईन बघायला टाकलं होतं, कोणीतरी पुढे पाठवलं. पण खरं सांगू? केवढी माणसं जमली! असा मोर्चा घाटकोपरनं बघितला नव्हता."

"माझी आई मरता मरता वाचली. बाहेर जाऊन सांग सगळ्यांना, पोरगा जिवंत आहे म्हणून."

"आता कसं सांगणार? लोकांच्या भावना आहेत." त्यानं टेबलावर हात टेकला आणि वाकून स्क्रीन बघितली. "ती फाईल पुसू नको हां. देव न करो, पण उद्या तसं झालंच, तर तयार आहे."

मारली. एकदा, दोनदा, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो डुकरासारखा केकाटला. चौथी त्याच्या टाळक्यात घालणार होते, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मागून घट्ट धरून ठेवलं म्हणून तो वाचला.

पोलिसांनी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. फोन काढून ड्रॉवरमध्ये टाकला. सात वाजता वनमालाताईंनी सोडवलं, त्यांच्या गालावर पाच बोटं तशीच उमटलेली. फोन हातात आला. अनोळखी नंबर, तीन मिस्ड कॉल. चार दहा, चार बारा, चार एकोणीस. मी उलटा लावला तर लागेना. आईचा फोन मोर्चात चिरडला होता. त्याला पाठ असलेला दुसरा नंबर माझाच. त्या तीनपैकी एक कॉल उचलून मी फोन आईच्या चांगल्या कानाला लावला असता तर सगळं मिटलं असतं. त्या वेळी मी बाकावर बसून मनातल्या मनात नंदकिशोरची बोटं परत परत मोडत होते. आग लागो माझ्या रागाला.

धावत आईकडे गेले, फोन दाखवला. "बघ, त्याचाच आहे. तीनदा केला त्यानं."

तिनं बराच वेळ स्क्रीन बघितली. "यात त्याचा आवाज कुठंय?"

मंगळवारी पहाटे सरकारनं हल्ला केला. त्यांच्याआधी आपण. वॉर्डात कोणीतरी मोबाईल मोठ्यानं लावला होता, दोन पलंग सोडून एकानं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिकडचं काही कळत नाही. गेलेल्यांची नावं येतात ती अर्धवट, रोज थोडी थोडी.

सोमवारी मी आईला ठणकावून सांगत होते, जिवंत आहे, कारण मला माहीत होतं. फोटो खोटा होता, मीच बनवला होता, माझ्याइतकी खात्री कोणालाच नव्हती. आज हल्ल्याला नऊ दिवस झाले. ती फाईल पुसायला मी रोज बसते आणि माझं बोट पुढे जात नाही. पुसली आणि त्याच दिवशी काही झालं तर? माझ्या आजोबांच्या घरात असं कधी कोणी बोललं नव्हतं.

आज सकाळी आईनं परत माझा हात धरला. "मित्रा, आता तरी खरं सांग. आहे का गं तो?"

मी म्हटलं, "आई, आधी चहा घे. निवतोय."