तीन टिंबं

"ओरिजनल आहे, काका. डबीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही," असं म्हणून बेअरिंगवाल्या शेठने सील फोडलं.

वैद्यांनी चष्मा पुसला. हे वैद्य काही औषधं देणारे नव्हेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर टेकवून ते यंत्राचा आजार सांगत, म्हणून गॅरेजात हे नाव पडलं होतं. सध्याचा रोगी म्हणजे साखळ्यांवर चालणारा एक ट्रॅक्टर, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी थोरला. त्याच्या डाव्या साखळीचं बेअरिंग गेलं होतं. ट्रॅक्टरचे थोरले मालक असते तर थांबले असते. पण ते वर गेले, आणि धाकट्या मालकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर चालला तर ट्रॅक्टर राहणार, नाहीतर भंगारवाला सांगून ठेवलेला होता.

आज शुक्रवार, आणि हे एकोणिसावं दुकान. आधीच्या अठरांत बेअरिंग मिळालं नाही, विनोद मात्र एकच आणि भरपूर मिळाला : "स्वतःसाठी पार्ट शोधताय का, काका?" प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटत होतं. एकाने संगणकात पाहून असा नंबरच नसतो म्हणून सांगितलं. नंबर कोरलेलं बेअरिंग वैद्यांनी त्याच्या नाकासमोर धरलं, तरी तो संगणकाकडेच पाहत राहिला. दुसऱ्याने अर्धा मिलिमीटर मोठा माल पुढे केला. "ठोका, बसतंय." ठोकलं की सगळंच बसतं, फिरायचा प्रश्न नंतर येतो.

इथे मात्र तेलकट कागदातून नेमका तोच नंबर बाहेर आला. आरशासारखं चकचकीत बेअरिंग. वैद्यांना क्षणभर शेठच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी सवयीने त्याच्या बाहेरच्या कड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

नख अडकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

तीन टिंबं होती. पॉलिशखाली जवळजवळ बुजलेली, आणि तिसरं जरा कललेलं. तिसऱ्या ठोक्याला वैद्यांचा हात नेहमीच कलायचा.

निकामी बेअरिंग चुकून कुणी परत बसवू नये म्हणून त्यावर पोलादी पंच ठोकून तीन टिंबं मारायची, ही त्यांची पद्धत. त्यांच्या उस्तादांची वेगळी होती. "मेलेलं बेअरिंग फोडायचं. दया दाखवलीस तर ते तुझ्यावरच उलटेल." अकरा वर्षांपूर्वी, याच ट्रॅक्टरचं हेच बेअरिंग काढताना, वैद्यांनी दया दाखवली होती. वीस वर्षं इमानाने फिरलेल्या वस्तूवर त्यांना हातोडा घालवेना. टिंबं मारली आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. लिहिण्यात तीन टिंबांचा अर्थ 'अजून पुढे आहे' असा होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

 आपलंच उष्टं ताट पुसून पुन्हा आपल्याच पुढ्यात यावं तसं झालं.

"हे कुठून आणलंत, शेठ?"

"बाहेरचा माल आहे. चमक बघा की!"

"मढ्यालाही आंघोळ घालतात."

तेवढ्यात धाकट्या मालकांचा फोन आला. "मिळालं का हो?"

"मिळालं."

"मग बसवा की!"

"नाही बसवत. ओळखीचं आहे."

"कोडी नका घालू, काका. चालेल की नाही?"

"आठवडाभर चालेल. मग तळ्याच्या बांधाच्या उतारावर एक साखळी अडकेल आणि धूड ड्रायव्हरसकट तळ्यात."

 माणूस हादरला असेल असं वैद्यांना वाटलं.

"आठवडा पुष्कळ झाला," धाकटे मालक म्हणाले. "तेवढ्यात चालू कंडिशनमध्ये गळ्यात मारू कुणाच्या तरी."

तळ्याचं पाणी ऐकूनही ज्याच्या डोक्यात गिऱ्हाईकच आलं, त्याला काय बोलायचं? 

"मी नाही बसवणार."

"मग उद्या दहाला भंगारवाल्याचा कटरवाला येतोय."

"येऊ दे."

बेअरिंग मात्र त्यांनी विकत घेतलं. "वॉरंटी नाही हं," शेठने बजावलं.

शनिवारी वैद्य सातलाच आले. ऐरणीवर ठेवून त्यांनी ते चकचकीत बेअरिंग एका घावात फोडलं. मग उजवी साखळी उतरवली आणि तिकडचं बेअरिंग बाहेर काढलं. डिझेलने धुतलं, कानाशी धरून बोटावर फिरवलं. आवाज नाही. आणखी दहा वर्षं हूं की चूं न करता गेलं असतं.

दहाला कटरवाला गॅसच्या नळ्या ओढत आत आला, ज्योत पेटवली, आणि त्याच वेळी ऐरणीवरच्या त्या बेअरिंगवर वैद्यांचा हातोडा पडला. आतले छर्रे फरशीभर उधळले. एक त्याच्या बुटाशी येऊन थांबला. त्याने तो उचलून पाहिला.

"अहो काका, हे तर चांगलं होतं!"

"होतं," वैद्य म्हणाले. "आता चकचकीत होऊन डबीत नाही जायचं."

मग खाली बसून ते छर्रे वेचू लागले. चौदा असायला हवे होते. कटरवाल्याच्या हातातला धरून तेरा भरले. चौदाव्यासाठी ते ट्रॅक्टरखाली सरकले.

बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. कटरवाल्याला तो छर्रा केव्हाच दिसला होता, वैद्यांच्या चपलेजवळच पडला होता. तो त्याने तिथेच राहू दिला. त्याने ज्योत बारीक केली आणि थांबून राहिला.