गाडीला लागलेला ठसका

देवळापुढं कधी पडला नसेल एवढा चपलांचा ढीग त्या रविवारी एका मोटारीपुढं पडला होता. पांढरी अँबेसिडर, टपावर झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू. बायाबापड्या टायरला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. टायरला, बरं का! वाटेवरच्या शेणातून आलेल्या टायरला! कडेगावापासून हाकेच्या अंतरावरचं शहाणंसुरतं गाव, पण त्या दिवशी सगळ्यांनी अक्कल चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवली होती.

"बघा, गाडी बंद आहे!" गाडीवाल्या नादमहाराजांनी चावी उंच धरली. "कंपनीनं या रेडिओला गळा दिला. प्राण आम्ही घातला! चिमूटभर विभूतीनं लोखंड बोलतं, तर गेलेला जीव का नाही बोलणार?"

"बोलंल की, म्हाराज, बोलंल!" लालासाहेब सगळ्यांत पुढं हात जोडून उभा होता. हा गावातला ऊसवाला. त्याच्याकडंही अशीच गाडी होती, आणि तिच्यात कंपनीनं बसवलेला रेडिओ तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरायचा. साताऱ्याच्या मिस्त्रीनं तो बघितला, सांगलीच्या मिस्त्रीनं खोलून पुन्हा बसवला, चरचर काही गेली नाही. महाराजांच्या गाडीतला आवाज मात्र कसा भरदार, घुमणारा! तसा आपल्याही गाडीत यावा म्हणून लालासाहेबानं महाराजांना गावात आणलं होतं. महाराज आले आणि नुसत्या गाण्यांवर न थांबता मेलेल्यांना बोलवायला लागले.

गर्दीच्या कडेला विजयमाला उभी होती. तिला एका जागी उभंच राहवत नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. तिचा नवरा मानसिंग एकाहत्तरच्या लढाईत पडला. त्यानंतर रात्री घरीच अभ्यास करून तिनं मॅट्रिक केली, आणि आता मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला तिची निवड झाली होती. उद्या सोमवारी हजर व्हायचं होतं. ट्रंक भरून तयार होती.

पण गुरुवारी सासू चंद्राबाई तिला घेऊन या गाडीत बसली, आणि रेडिओतून आवाज आला, "आये, मी मानसिंग. तुझ्या हातचं वांग्याचं भरीत लई आठवतंय. विजाला उंबऱ्याभायेर सोडू नगंस. माझा जीव घुटमळतोय." चंद्राबाईनं हंबरडा फोडला. विजयमालाही रडली. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिलाही वाटलं की हे तेच आहेत.

घरी आल्यावर मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गाडी देऊळ म्हणून ती चपला काढून आत बसली होती. पाय अनवाणी, टाचा मागच्या सीटच्या बुडाला टेकलेल्या. रेडिओ होता समोरच्या फळीत, आणि थरथर आली टाचांना! पाठीला! समोर बोलणाऱ्याचा हादरा मागून कसा येईल? आणि मानसिंगला वांग्याचं भरीत आवडायचं, तो आईला 'आये' म्हणायचा, हे महाराजांना कळलं कसं? मग तिला आठवलं. महाराजांचा शिष्य गुंडा बुधवारी पाणी मागायला ओसरीवर आला होता, आणि चंद्राबाईनं दुसऱ्या घोटाआधीच त्याच्यापुढं सगळं काळीज रिकामं केलं होतं. सून घर सोडून निघाली हेसुद्धा. मग आवाज सुरू झाला की हाच गुंडा नेमका 'नदीचं पाणी आणायला' कुठं गडप होतो?

हे सासूला सरळ सांगून उपयोग नव्हता. ती म्हणाली असती, माझं पोर तुला नकोसं झालं. म्हणून विजयमालानं वेगळी वाट धरली.

"आत्याबाई," ती गर्दीत मोठ्यानं म्हणाली, "एवढ्या लोकांची नजर लागली असंल गाडीला. आज त्येंचा आवाज यायच्या आधी दृष्ट काढूया की."

"व्हय गं बाई! माझ्या ध्यानातच न्हाई आलं." चंद्राबाईचे डोळे ओले झाले. "पोराची काढल्याबिगर कवा ऱ्हायले न्हाई मी."

महाराजांचा चेहरा उतरला. "अहो, सिद्ध वाहनाला कुणाची नजर लागणार?"

"आवं, म्हाराज, आमी नव्या बैलाची काढतो, नव्या नवरीची काढतो, तर ह्येला का सोडायचं?" गावची बनुबाई आत्या पुढं सरसावली. तिच्यापुढं बोलायची सरपंचाचीही टाप नव्हती. खापरात निखारे आलेच. मीठ, मोहरी, मूठभर सुक्या लाल मिरच्या. आमच्याकडं मिरच्या जळून कुणाला ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं मानतात, लागला तर नव्हती.

चंद्राबाई आत रेडिओजवळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. विजयमाला खापर घेऊन गाडीच्या मागं गेली.

"अगं ए, तिथं पेट्रोल आहे!" महाराज किंचाळले.

"म्हून तर लांब बसलेय," ती म्हणाली, आणि सुपानं धूर डिकीकडं घालायला लागली.

आतून आवाज घुमला. "आये... मी मानसिंग... विजाला म्हणावं... म्हणावं... खॉ! खॉ! खॉक!"

रेडिओ खोकत होता. खोकून खोकून त्याचा घसा फाटायला आला. "खॉ! उघडा! मेलो! उघडा!"

"मेलास ते ठावं हाय रं!" मागून कुणीतरी ओरडलं. "खोकतूस कशापायी?"

"गाडीलाच ठसका लागला," बनुबाई म्हणाली, "म्हंजी दृष्ट न्हाईच!"

लोक हसायला लागले, पण विजयमालानं खापर लाथेनं दूर उडवलं. "हसता काय! मानूस हाय आत, गुदमरंल! चावी द्या!" महाराज चावी मुठीत धरून मागं सरकत होते. लालासाहेबानं त्यांची मूठ उघडली आणि डिकी उघडली. आत गुडघे पोटाशी घेऊन गुंडा पडला होता. डोळे लालभडक, हातात माइक.

विजयमालानं त्याला वाऱ्याला बसवलं, डोळ्यांवर पाणी मारलं, घोट घोट पाजलं. तो दम घेत म्हणाला, "ताई, चुकलं."

लालासाहेब तोवर मागची सीट काढून आत घुसला होता. खाली थाळीएवढा भोंगा, चहूबाजूंनी बंद लाकडी पेटीत बसवलेला, पेटीत कापूस ठासलेला. प्रचाराच्या गाडीत असतं तसं आवाज वाढवायचं यंत्र, थेट बॅटरीला जोडलेलं, म्हणून चावी काढली तरी बोलायचं. इंजिनाची चरचर रेडिओत शिरू नये म्हणून तारेला कंडेन्सर लावलेला. कंपनीचा टिचभर भोंगा उघड्या पत्र्यावर बसतो, त्याचा निम्मा आवाज मागच्या मागं विरतो. पेटीत कोंडला की तोच घुमतो, आणि घुमणाऱ्या आवाजात कुणाच्याही पोराचा आवाज आपल्या पोरासारखा लागतो.

"विभूती न्हाई, पेटी हाय ही!" लालासाहेब कपाळावर हात मारून म्हणाला. "गड्या, येवढ्यासाठी मी ह्येचे पाय धुतले?"

लोक महाराजांना घेऊन चौकीकडं निघाले. चंद्राबाई मात्र गाडीतच बसून होती. विजयमाला तिच्याजवळ गेली. तिला वाटलं, आता शिव्या मिळणार. पोरगा दुसऱ्यांदा हिरावून घेतला म्हणणार.

बाबांनो, गेलेलं माणूस परत यावं असं कुणाला वाटत नाही? त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या ओढीला गिऱ्हाईक करणारा भेटला की एवढं तरी विचारा, आवाज कुठून येतो, आणि आपल्या घरातलं याला सांगितलं कुणी. हे विचारायला शाळा लागत नाही.

चंद्राबाईनं सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. "विजे, त्यो असता तर तुला जा म्हणला असता. मला ठावं व्हतं. मलाच ते ऐकायचं न्हवतं, म्हून दुसरंच कायतरी ऐकाय इथं आले."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ला ट्रंक डोक्यावर घेऊन चंद्राबाईच पुढं चालत होती. अनवाणी. घाईत चपला घालायच्या राहिल्या होत्या.