डिकीतलं चाक

त्या आठवड्यात सुरजच्या पायाला भिंगरी लागली होती. खाटेवर बसला की उठायचा, उठला की गाडीपाशी जायचा आणि उकिडवा बसून चाकं बघत राहायचा. तीन चाकं मोठ्या रिमची, काळ्या-रुपेरी आऱ्यांची, चकचकीत. चौथं स्टेपनीचं, लहान लोखंडी रिमचं, गंजाचे ठिपके पडलेलं. तीन पायांत बूट आणि चौथ्यात वहाण घालून कुणी पाहुणा दारात यावा, तशी ती गाडी ताडकळसजवळच्या त्या वस्तीवर उभी होती. सुरजला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

गाडी घेतली होती ती आईसाठी. सगुणाबाईच्या किडन्यांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला परभणीच्या दवाखान्यात तिची मशीनवर पाळी असे. एसटीतून, जीपमधून येताना तिचा जीव अर्धा होऊन जायचा. म्हणून ताडकळसला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणाऱ्या सुरजने जुनी का होईना, उंच बांध्याची छोटी गाडी घेतली. मायसाठी घेतली, असं तो ज्याला त्याला सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. पण व्यापाऱ्याकडे तशाच दोन गाड्या उभ्या होत्या, आणि त्यातली हीच त्याने का उचलली, हे तो सांगत नसे. हिच्या पुण्याच्या मालकाने कंपनीची सोळा इंची चाकं काढून अठरा इंची रुबाबदार रिमा बसवल्या होत्या. रबर असं पातळ, की रिमला नुसती काळी किनार लावल्यासारखं. ताडकळसच्या बाजारात लोक थांबून बघायचे. माणूस आईवर कितीही जीव टाकत असला तरी त्याला थोडी मिरवायची हौस असतेच.

मागच्या मंगळवारी वस्तीवरून निघून डांबरी रस्त्याला मैलभर गेले असतील नसतील, तोच पुढचं डावं चाक धाडकन बसलं. सुरजने स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नव्हती. गाडी घेतल्यापासून ती उघडून कुणी पाहिलीच नव्हती. कुणाच्या तरी मोटारसायकलवर ती ताडकळसला नेऊन, हवा भरून आणेपर्यंत दहा वाजून गेले. सगुणाबाईची पाळी दुसऱ्या पेशंटला द्यावी लागली. दवाखान्याने बुधवारी संध्याकाळची वेळ कशीबशी काढून दिली. मधला दीड दिवस ती भिंतीला उशी लावून बसून होती, कारण आडवी झाली की दम लागायचा. सुरज तिच्या समोर बसून श्वास मोजत होता आणि मोजता मोजता चुकत होता. एवढा तो आयुष्यात कधी भ्याला नव्हता.

आणि भ्यालेलं माणूस कुणावर तरी धावून जातंच. तो बापावर धावला.

बापाची, दत्तरावांची, मेंढरं वस्तीच्या वाटेला लागूनच बसत. त्या वाडग्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, छातीएवढं उंच, दरवर्षी नव्याने घातलेलं. वाऱ्याने, शेळ्यांच्या ओढाताणीने त्यातली एखादी फांदी वाटेवर यायचीच. सुरजने याआधी दहादा सांगून पाहिलं होतं. त्या मंगळवारी दुपारी तो फाटलेलं टायर डिकीतून काढून बापाच्या पायाशी टाकत म्हणाला, "आबा, तुमच्या काट्यांनी माय गेली असती आज."

दत्तराव खाली बसले. टायरात हात घातला, आतून बोटं फिरवली, कडेला दाबून पाहिलं. मग उठून मेंढरांकडे गेले. बोलले काहीच नाहीत. तो मुळात कमी बोलणारा माणूस. मेंढरांशी बोलायचा तेवढंच. पण दिवस मावळेपर्यंत त्यांनी सगळं कुंपण उचललं आणि फांदी फांदी करून ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं. वाडग्याला जुनी दोरीची जाळी बांधली. वाट झाडून काढली. सुरजला जरा बरं वाटलं. चूक कुणाची होती ते ठरलं, चूक दूर झाली, आता नवं टायर आणलं की झालं.

शनिवारी पहाटे झुंजुरकाला लांडगा आला. जाळी फाडून दोन कोकरं घेऊन गेला आणि भुरी नावाची म्हातारी मेंढी मानेत धरून तशीच टाकून गेला. ही भुरी कळपाच्या पुढे चालायची. दत्तरावांनी तिला ओढ्याकाठी पुरलं. तेव्हाही सुरज म्हणाला, जाळी नीट ताणून बांधायला नको का. हे वाक्य त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

सोमवारी त्याने दुकान बंद ठेवलं. उद्या मंगळवार होता. बुधवारी आणि शुक्रवारी त्याने कसंबसं नेलं होतं, पण हे असं चौथं चाक घेऊन आईला पुन्हा न्यायची त्याची छाती नव्हती. चार दिवस त्याने मोबाईलवर टायरांचे व्हिडिओ पाहिले होते. एक म्हणे रुंद टायर घ्या, दुसरा म्हणे अरुंद घ्या. एक म्हणे खोल नक्षीचं घ्या, दुसरा म्हणे त्याने डांबरावर गाडी घसरते. जितकं बघावं तितकं डोकं उठायचं. सगुणाबाई सगळं बघत होती. तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "तुमी बी जा संगं. पोराचं चित्त थाऱ्यावर न्हाई."

दत्तरावांच्या वहाणांचे तळ गेलेच होते. चांगल्या टायरचा तुकडा मिळाला तर बघतो, एवढं म्हणून ते गाडीत बसले. चाळीस वर्षं त्यांनी टायरच्या तळाच्या वहाणांवर रानं तुडवली होती. गाडीत मात्र पाय कुठे ठेवावेत ते त्यांना अजून कळत नसे. ते मांडीवर हात ठेवून बसले आणि परभणीपर्यंत समोर बघत राहिले.

शहरात शिरताना भुजंग मिस्त्रीचं टायरचं दुकान होतं. पन्नाशीचा, ढेरपोट्या, टोपी मागे सारलेला माणूस. बाहेर जुन्या टायरांचा डोंगर, आत नव्या टायरांचा वास. दत्तराव बाहेरच थांबले आणि डोंगराकडे वळले. सुरजला ओशाळल्यासारखं झालं. बाप आपला भंगारात हात घालतोय, आणि आपण इथे अठरा इंची टायर मागतोय.

त्याने एका दमात सांगून टाकलं. याच मापाचं, पण असं टायर द्या की ज्यात बाभळीचा काटा शिरणारच नाही. पैसे जास्त गेले तरी चालतील.

भुजंगने त्याला खुर्ची दिली. सुरज बसला आणि लगेच उठला. मिस्त्रीने विचारलं, काट्याने किती वेळा पंक्चर झालीय? सुरज म्हणाला, पंक्चर नाही, टायरच गेलं. भुजंगच्या कपाळाला आठी पडली. तो म्हणाला, दाखवा बरं ते गेलेलं टायर.

टायर डिकीत होतं. भुजंगने ते उजेडात धरलं, बोटाने बाजू चाचपली आणि सुरजचा हात धरून तिथे नेला. टायरच्या कडेला दोन चिरा होत्या, एकीशेजारी एक, साप चावल्यावर दोन दात उमटावेत तशा.

"काटा तळात शिरतो, भाऊ. हवा हळूहळू जाते, गाडी घरापातुर येती," भुजंग म्हणाला. "हे कडंनं फाटलंय. खड्ड्यात रिमनं रबर चिमटलंय. काट्याचा काय बी संबंध न्हाई. जोरात होता का?"

सुरजने टायरवरचा हात मागे घेतला. जोरात होता. उशीर झाला होता म्हणून जोरात होता. आणि उशीर का झाला होता, तर निघायच्या वेळी तो ओल्या फडक्याने रिमा पुसत बसला होता. सगुणाबाई आत बसून त्याची वाट बघत होती.

भुजंग आपला समजावून सांगत राहिला. रिम मोठी केली, पण बाहेरचा घेर तर वाढवता येत नाही. मग कमी काय होतं? रबर. खड्ड्याचा दणका सोसायचा कुणी, तर त्या रबराने, आणि तेच दोन बोटं राहिलेलं. पुण्यातल्या गुळगुळीत रस्त्याला ते शोभतं. आपल्याकडे नाही. शिवाय रुंद टायर काळ्या मातीत भाकरीएवढा चिखल धरतं. हे सगळं सुरजने व्हिडिओत दहादा ऐकलं होतं. पण तेव्हा ते रस्त्याबद्दल होतं, आता ते त्याच्याबद्दल होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती त्याने स्वतःच्या हाताने दिली होती, आणि संन्यासी बाहेर उन्हात उभा होता.

तरीही मोह असा सुटतो थोडाच. त्याने चाचरत विचारलं, याच रिमा ठेवून जरा मजबूत टायर नाही का मिळणार? नाहीतर सतरा इंची रिमा घातल्या तर? भुजंग हसला. डिकीशी गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर टिचकी मारली. तिथे आठवड्यापूर्वीपर्यंत स्टेपनी होती.

"कंपनीनं गाडीला दिलेलं माप इथंच पडलं होतं की. तुमच्या गाडीचं खरं चाक डिकीत, अन् उसनं खाली."

तेवढ्यात दत्तराव आत आले. हातात एक गुळगुळीत झालेलं जुनं टायर होतं. नक्षी पार पुसलेली, पण कडा शाबूत. त्यांनी ते सुरजपुढे धरलं आणि अंगठ्याने बाजू दाबून दाखवली. बाहेर सोळाची लय पडलीत, म्हणाले, सगळी अशीच, तळ झिजून आलेली. ही म्हातारी होऊन मेलीत. अठराची थोडीच हायत, पण एकाचा बी तळ झिजलेला न्हाई, सगळी कडंला फाटून आलेली. ती जवानीत गेली.

भुजंग कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, मामा, वीस वर्षं धंदा करायलोय, पण गिऱ्हाइकाला दाखवायला मी ढिगाकडं कधी नेलं न्हाई.

सुरजने सोळा इंची लोखंडी रिमा घेतल्या आणि जाड कडेची, मध्यम नक्षीची टायरं. स्टेपनीसकट पाचही. रुपेरी रिमा भुजंगने बदल्यात ठेवून घेतल्या. कामगार एकेक चाक उतरवत होते तेव्हा सुरजने तिकडे पाहिलं नाही. तो बापाकडे बघत होता. दत्तराव पायरीवर बसून वहाणेचं माप त्या जुन्या टायरवर खडूने आखत होते. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांवर काट्यांचे काळे ठिपके होते. आठवडाभर सुरजला ते दिसले नव्हते.

परतताना तोच खड्डा आला. सुरजला तो आता लगेच ओळखू आला. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"आबा, तुमी त्या दिशी टायरात हात घातला होता."

"घातला होता."

"मग तुमाला कळलं होतं. काटा नव्हता ते."

दत्तरावांनी मान हलवली. टायर कापून वहाणा करण्यात त्यांची हयात गेली होती. काट्याची भोकं त्यांना अंधारातही बोटाने कळली असती.

"मग बोलला कामून न्हाईत? दोन कोकरं गेली. भुरी गेली. मी तुमाला तोंडाला येईल ते बोललो."

दत्तराव बाहेर बघत होते.

"दुसऱ्या दिशी तुलाच गाडी हाकायची होती, तुझ्या मायला घेऊन. तुझे हात कसे कापत होते ते तुला म्हाईत न्हाई, मी बघितले. तुझीच चूक हाय म्हणलो असतो तर त्या हातानं तू स्टिअरिंग धरलं नसतंस. आन् तू न्हाई तर तिला नेणार कोण?" ते थांबले. "काट्यावर राग काढला, काढू दे म्हणलं. काट्याला काय होतंय."

"पण कुंपण तरी ऱ्हाऊ द्यायचं."

"कुंपण ऱ्हाऊ दिलं असतं तर चूक काट्याचीच, हे तुला खरं वाटलं नसतं."

सुरजने कपाळ हातांवर टेकलं. तो रडला. लपवून नाही, चांगला रडला. दत्तरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मेंढराला थोपटतात तसं थोपटत राहिले, कारण दुसरं त्यांना येत नव्हतं. मग म्हणाले, ऊन उतरायच्या आत घरी गेलं पाहिजे.

घरी पोचल्यावर सुरज गाडी लावून तडक ओढ्याकडे निघाला. बुटांतून काटे आत जात होते. दत्तरावांनी मागून हाक मारली आणि दुकानातच नवा तळ ठोकून घेतलेल्या आपल्या वहाणा त्याच्यापुढे सरकवल्या. स्वतः अनवाणी वाडग्यापाशी थांबले. फांदी कुठे कशी अडकवायची ते हाताने दाखवत राहिले, आणि सुरज वाहत राहिला. दिवस मावळला तेव्हा मेंढरं काट्यांच्या आत होती. सगुणाबाईने खाटेवरून विचारलं, काटा न शिरणारं टायर मिळालं का? सुरजने तिला सगळं सांगितलं, रिमा पुसत बसल्याचंही. ती म्हणाली, मला तवाच दिसत होतं, पण तू लय खुशीत पुसत होतास.

मंगळवारी ते साडेसहाला निघाले. चारही चाकं साधी, करडी. ताडकळसच्या बाजारात आता कुणी थांबून बघणार नव्हतं. वाडग्यापाशी वाटेवर एक फांदी आडवी आली होती. सुरजने गाडी थांबवली. पलीकडून दत्तराव धावत येत होते, आधीच हात पुढे करून, चुकल्यासारखं तोंड करून.

सुरज खाली उतरला, त्यांच्या आधी पोचला आणि फांदी उचलून कुंपणात नीट खोचली. अंगठ्याला रक्त आलं ते त्याने पँटला पुसलं.

"तुमी बसा, आबा," तो म्हणाला. "येताना मी अजून दोन फांद्या घेऊन येतो."

मग तो गाडीत बसला. आठ वाजायला अजून वेळ होता, त्याने घाई केली नाही.