अस्वलाचा अहवाल

माऊसवरचा हात टंकलेखक जपूनने तव्याला लागल्यासारखा मागे ओढला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडद्यावर चौकशी अहवाल उघडायला हवा होता. त्याऐवजी एक पांढरी खिडकी उघडली होती आणि तिच्यात अहवालाचे तुकडे पडले होते. आठ-नऊ तुकडे. एकाचं नाव ‘कन्टेन्ट’, एकाचं ‘स्टाइल्स’, एकाचं ‘मेटा’, शिवाय दोन-तीन फोल्डर. अहवाल म्हणावा असा कुठे काही नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेअकराला संचालकांच्या खोलीत सह्या व्हायच्या होत्या.

“याची दुसरी प्रत नाही, बरं का,” सकाळी पेनड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवताना संचालकसाहेब म्हणाले होते. “गोपनीय आहे. तीन प्रती काढा आणि घेऊन या. एवढंच काम आहे.”

एवढंच काम. आणि तेवढ्यात त्याने अहवालाचा चिवडा करून ठेवला होता.

तो वस्तुसंग्रहालयाच्या कार्यालयात तीस वर्षं टंकलेखक होता. दाराशी कोणीही आलं, मग हातात चहा असो नाहीतर नुसतं पाकीट, की तो म्हणायचा, “जपून हं.” त्यावरून लोक त्याला जपून म्हणायला लागले. तोंडावर भाऊ, पाठीमागे जपून. त्याला दोन्ही माहीत होतं. त्याने दोन्हींबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण तक्रारीला अर्ज लागतो आणि अर्जावर सही लागते.

अहवाल अस्वलाचा होता. तळमजल्यावर काचेच्या कपाटात भुसा भरलेलं एक अस्वल साठ वर्षं दोन पायांवर उभं होतं. या महिन्याच्या तीन तारखेला त्याचा डावा कान गळून पडला. कसर लागली होती. कपाट उघडं राहिलं म्हणून कसर शिरली, असं ठरलं. ते उघडं कोणी ठेवलं हे शोधायला तीन जणांची समिती नेमली गेली. कपाटाची एक किल्ली काचा पुसणाऱ्या मावशींकडे असायची. दुसरी साहेबांकडे. साहेबांचे पाहुणे आले की कपाट उघडायचं, पाहुणे अस्वलाच्या खांद्यावर हात टाकायचे आणि फोटो निघायचे. पण समितीचे अध्यक्षच साहेब असल्यामुळे त्यांची साक्ष काढायचं कोणाला सुचलं नाही. मावशी दोषी ठरल्या, तर त्यांची बावीस वर्षांची नोकरी आजच्या आज जाणार होती.

गेल्या सोमवारपर्यंत जपूनला कॉम्प्युटरची एवढी भीती नव्हती. सोमवारी सगळ्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरांत विंडोजच्या जागी लिनक्स आलं, आणि नव्या सुनेबरोबर तिचं सगळं माहेर राहायला यावं तसे त्याच्याबरोबर न बोलावलेले पंधरा-वीस प्रोग्राम आले. एक चित्रं दाखवणारा. एक आकडेमोड करणारा. एक सुरुंग शोधायचा खेळ. त्यात पहिल्याच टिचकीला स्फोट झाला आणि जपून पाणी प्यायला उठला. एक कॅमेरा. तो चुकून उघडला तेव्हा पडद्यावर घाबरट चेहऱ्याचा एक म्हातारा दिसला. जपूनने आधी त्याला नमस्कार केला, मग ओळखलं.

आज उजवं बटण दाबलं गेलं आणि फाइल कशाने उघडू म्हणून यंत्राने यादीच समोर धरली. नावं वाचण्याएवढा धीर जपूनला नव्हता. एका चित्रात खणांचं कपाट दिसलं. या इमारतीत कागद म्हटला की कपाटात, मुंगूस म्हटलं तरी कपाटात. त्याने कपाट निवडलं.

आता तो तुकडे एकेक करून बघत होता, फुटलेल्या बरणीत लोणचं शिल्लक आहे का बघावं तसा. ‘थंबनेल्स’ नावाच्या फोल्डरात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र निघालं: अहवालाचं पहिलं पान. मोठं केलं तर त्याचे नुसते करडे ठोकळे झाले. ‘कन्टेन्ट’ उघडला. कंसात कंस, कंसात कंस, एकच ओळ, जिला शेवट नाही. मध्येच वाळूत काच चमकावी तसे शब्द: सदर कर्मचारी. मग पुन्हा कंस. निष्काळजीपणा. कंस. सर्व साक्षी तपासून समिती एकमताने.

शेवटी ‘मेटा’. हा लहानसा होता. इथेही कंसच, पण मध्ये आकडे. वर्ष, महिना, दिवस. आकडे जपूनला कळत. तीस वर्षं तो कागदांवर तारखा घालत आला होता.

चार तारीख. सतरा वाजून बारा मिनिटं.

पुढे आणखी एक. चार तारीख. सतरा वाजून तेवीस मिनिटं.

“भाऊ.”

जपून खुर्चीत एवढा उडाला की गुडघा टेबलाला लागला. दारात मावशी उभ्या होत्या. एका हातात बादली, खांद्यावर फडकं.

“जपून हं,” मावशी म्हणाल्या. ही त्याचीच चेष्टा होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“मावशी, आत्ता नको. गोपनीय काम चाललंय.”

“तुमची खिडकी पुसायची राहिलीय. पुसून टाकते. नंतर पुसायला असेन-नसेन.” त्या काचेशी गेल्या. “काय लिहिलंय हो त्यात?”

“मला नाही माहीत.”

“बरं. नका सांगू. फक्त एक सांगा, साडेअकरानंतर बादली कोणाकडे द्यायची? किल्ली साहेबांनी मागितलीय. बादलीचं कोणी काही बोललंच नाही.”

जपूनने पडद्यापुढे वही आडवी धरली, जसं काही मावशींना कंसांची भाषा येत होती.

“एकोणीस तारखेला समितीपुढे मी सांगितलं होतं,” मावशी काचेकडे बघत म्हणाल्या. “अहो, काच मी बाहेरून पुसते. अस्वलाला आंघोळ थोडीच घालते? कपाट उघडायचं मला कामच नाही. तुम्ही लिहून घेतलं होतं ना?”

“घेतलं होतं.”

“मग झालं तर. लिहिलेलं कुठे जातंय!”

त्या गेल्या. जपूनने रुमालाने तळहात पुसले, मग कपाळ, मग पुन्हा तळहात. मग कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना फोन लावला. त्यांनीच हे सगळं माहेर सोमवारी आणून बसवलं होतं.

“मॅडम, माझ्याकडून एका फाइलचे तुकडे झालेत. आठ-नऊ.”

“कुठल्या प्रोग्रामने उघडलीत?”

“कपाटाच्या.”

पलीकडे बाई मनापासून हसल्या. “काही झालं नाही, भाऊ. फाइल आतून तशीच असते. तुम्ही कोट उलटा करून अस्तर बघत बसलात. तो कपाटवाला बंद करा, आणि लिहायच्या प्रोग्रामने उघडा. पान आणि पेन्सिल असं चित्र आहे बघा.”

जपूनने बंद केलं, उघडलं. अहवाल पडद्यावर आला. चार पानं, समास सरळ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्याने एवढा मोठा श्वास सोडला की फोनमध्ये ऐकू गेला.

“आला ना? मग आता शांत व्हा.”

“मॅडम, त्या अस्तरात तारखा होत्या.”

“असतात. फाइल कधी तयार झाली, शेवटची कधी बदलली, किती वेळ बसून लिहिली. प्रोग्राम आपला आपण लिहून ठेवतो.”

“तो चुकत नाही का?”

“ज्या मशीनवर लिहिली त्याचं घड्याळ चुकीचं असेल तर चुकेल.”

“साहेबांच्या मशीनचं घड्याळ...”

“साहेबांचं मीच लावते. मिनिटाचाही फरक नसतो. का हो?”

“काही नाही. सहज.”

त्याने फोन ठेवला. या वेळी फोन करायला कोणी नव्हतं. समिती नेमली आठ तारखेला. बैठका झाल्या नऊ. नऊच्या नऊ बैठकांना तो कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होता. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, अस्वलाचा कान प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळ्यांपुढे फिरवला गेला. आणि अहवाल चार तारखेला तयार होता. अकरा मिनिटांत.

प्रिंटरने पानं बाहेर टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर त्याने मावशींची साक्ष शोधली. एकच वाक्य होतं: सदर कर्मचारी यांनी समाधानकारक खुलासा केला नाही. त्याने पान पालथं घातलं. मग कोणी बघितलं तर पालथं का म्हणून विचारेल, या भीतीने पुन्हा सुलटं केलं.

साडेअकराला संचालकांच्या खोलीत सगळे जमले. साहेब मध्ये. उजवीकडे ग्रंथपाल बाई, ज्यांना भांडण आणि धूळ दोन्हींचा त्रास व्हायचा. डावीकडे निवृत्त प्राध्यापक. ते बैठकीला नेहमी वेळेवर येत, कारण त्यांची झोपायची वेळ तीच होती. आत्ताही त्यांची हनुवटी छातीला टेकली होती. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. दाराच्या फटीतून बादलीची कड दिसत होती.

“वाचायची गरज आहे का?” साहेब म्हणाले. “आपणच तर केलाय सगळं ऐकून. बाई, ही घ्या तुमची प्रत. शेवटच्या पानावर सही.”

बाईंनी पेन उघडलं. “वाईट वाटतं हो,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं म्हणजे...”

“मलाही वाटतं. पण समितीला मन नसतं, बाई. भाऊ, इतिवृत्त आवरा. बारा वाजता पाहुणे आहेत.”

इतिवृत्ताचा छापील नमुना जपूनच्या मांडीवर होता. त्यातला पहिला रकाना: अहवाल तयार झाल्याचा दिनांक. हा रकाना भरला की मग सह्या, अशी इथली पद्धत होती. तीस वर्षं तो रकाना जपूनने भरला होता, आणि कधी कोणाला काही विचारावं लागलं नव्हतं. त्याने पेन टेकवलं. पेन कागदावर टकटक वाजलं, म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. आजची तारीख लिहायला एक क्षण लागला असता. चुकीची तारीख घातलेला कागद उद्या कोणी काढला तर? खाली अक्षर कोणाचं? जपूनचं. लिहिली तरी मेलो, विचारलं तरी मेलो. पण विचारलं तर निदान रकाना बरोबर भरला जाईल.

“साहेब,” तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असावा एवढा बारीक निघाला. “तारीख कुठली घालू?”

“कसली तारीख?”

“अहवाल तयार झाल्याची.”

“आजची घाला की! तारखेला काय घाबरताय एवढे?”

“नाही, घालतो. म्हणजे... फाइलमध्ये चार तारीख आहे, साहेब. संध्याकाळी पाच बारा ते पाच तेवीस.” त्याने नमुन्याकडे बघितलं. “वेळेचा रकाना नाहीये. म्हणून वेळ सोडून देतो.”

 

साहेब हसले. “अहो, मशीनचं काय खरं धरता! नवीन आहे. अजून बसलेलं नाही.”

“तुमच्या मशीनचं घड्याळ मॅडमच लावतात, साहेब. मी विचारून घेतलं. चूक माझी नको म्हणून.”

ग्रंथपाल बाईंचं पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबलं होतं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “समिती कधी नेमली?”

“आठला, बाई.”

“आणि त्या बाहेर बसल्यात, त्यांची साक्ष?”

“एकोणीसला. लिहिलंय मी. काच बाहेरून पुसते म्हणाल्या.”

बाईंनी त्यांच्यापुढचं तिसरं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. टोपण बसल्याचा टक् असा आवाज झाला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, कोणीतरी आत भुसा भरून ठेवल्यासारखं. जपूनने रकान्यात चार हा आकडा काढला. इतका कापत काढला, की त्यावरून त्याला पुन्हा गिरवावं लागलं.

त्या टक् आवाजाने निवृत्त प्राध्यापक जागे झाले. त्यांनी चष्मा सारखा केला, खिशातून स्वतःचं पेन काढलं, आणि तीन महिन्यांच्या रजेवरून परत आल्यासारखं सगळ्यांकडे प्रसन्नपणे बघितलं.

“हं,” ते म्हणाले. “कुठे करायची सही?”

पान त्यांच्या पुढ्यातच होतं. पण कोणीच बोट दाखवलं नाही.