हंडीतली घंटा

“दोरा सैल आहे,” डबासर म्हणाले आणि कानाचा डबा काढून त्यांनी त्याच्या तळाशी निरखून बघितलं.

दोरा इतका ताणलेला होता, की त्यावर कपडे वाळत घालता आले असते. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसरा डबा तोंडाशी धरून, याच वर्षी शाळेत आलेली एक मुलगी उभी होती. ती इतक्या जोरात बोलत होती, की शिक्षकांच्या खोलीतल्या भूगोलाच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

“आणखी ओढ!” सर म्हणाले.

मुलीनं ओढला. डब्याच्या भोकातली गाठ सुटली आणि दोरा सरांच्या पायाशी येऊन पडला.

“बघ,” सर समाधानानं म्हणाले, “मी म्हणत नव्हतो? दोराच खराब.”

डबासर हे नाव मुलांचंच. ध्वनीचा धडा आला, की आठवीच्या घराघरांतून रिकामे डबे शाळेत यायचे. काही भरलेलेही, वाटेत रिकामे करून. धडा नुसता वाचून दाखवणं सरांना मंजूर नव्हतं. त्यांच्या वर्गात मुलं रबर ताणून छेडत, बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून फुंकत, नादकाटा आपटून पाण्यात बुडवत आणि एकमेकांचे शर्ट भिजवत. आवाज म्हणजे थरथर, हे शर्ट भिजलेला मुलगा जन्मात विसरत नाही, असं सरांचं म्हणणं होतं.

या वर्षी मात्र सगळी साधनंच बिघडली होती. दोरे सैल, नादकाटे बोथट, पोरं तोंडातल्या तोंडात बोलणारी. घरीही तीच गत. कुकरची शिट्टी ढिली झाली होती; करपल्याचा वास आला, की झालं म्हणायचं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, पण टिकटिक करत नव्हतं. आतलं वंगण फार उत्तम बसलं असावं, असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांची बायको गेली. ती होती तेव्हा घर म्हणजे भांडी, रेडिओ आणि रेडिओला दिलेली उलट उत्तरं. घड्याळाशी तर तिचं उभं वैर. “या मेल्याच्या टिकटिकीनं डोळ्याला डोळा लागत नाही,” ती म्हणायची. “या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी.”

“मला तर ऐकूसुद्धा येत नाही,” सर कूस बदलून म्हणायचे. तेव्हा ते खोटं होतं.

ती गेली. घड्याळ राहिलं.

तेव्हापासून घर शांत होतं. होणारच, असं सर धरून चालले होते. भेटायला आलेली माणसं त्यांच्या रडण्याची थोडा वेळ वाट बघून, चहा पिऊन गेली. सरांना काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. जगावर कुणीतरी जाडजूड गोधडी टाकली होती आणि सर तिच्याखाली शाळेत जाऊन येत होते.

“बाबा, एकदा कान दाखवून या ना!” परगावची मुलगी फोनवर ओरडायची.

“तू आधी तो फोन बदल,” सर सांगायचे.

शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, लहानपणी सरांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या. त्यामुळे सरांना बोलणं त्यांना जड जायचं. एके दिवशी त्यांनी सरांना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

“सर, पालक येऊन बसतात माझ्यासमोर. पोरं विचारतात एक, तुम्ही सांगता भलतंच.”

“पोरं पुटपुटतात.”

“उद्या मी बसते तुमच्या तासाला. नीट झालं तर प्रश्नच मिटला. नाहीतर आठवी दुसऱ्या कुणाला देते आणि तुम्ही ग्रंथालय बघा.”

“ग्रंथालय?”

“शांत असतं तिथं.”

“शांतता आहे की घरी,” सर म्हणाले. “पोरं राहू देत माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी हंडीचा प्रयोग होता. काचेची मोठी हंडी, तिच्यात टांगलेली विजेची घंटा आणि हंडीतली हवा उपसणारा हातपंप. हवा निघून गेली, की घंटेवर टोल आपटताना दिसतो पण आवाज येत नाही. कारण आवाजाला बाहेर घेऊन येणारं कुणी उरत नाही. हे पुस्तकात. शाळेचा पंप सरांच्या नोकरीहून जुना होता. त्याचं वायसर गळायचं आणि घंटा जराशी दबून का होईना, वाजतच राहायची. अगदी पहिल्या वर्षी सरांनी घामाघूम होऊन विचारलं होतं, “आता येतोय आवाज?” वर्गाला त्यांची दया आली. “नाही सर!” वर्ग म्हणाला.

तो शाळेचा रिवाजच पडला. थोरली भावंडं धाकट्यांना पढवून पाठवायची, की डबासरांनी विचारलं तर ‘नाही सर’ म्हणायचं. घंटा जेवढी खणखणीत, तेवढा नकार खणखणीत. सर हसायचे. “लबाड आहात. पण परीक्षेत असंच लिहा.”

मोठ्या बाई येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. शिपायानं सकाळीच सायकलच्या ट्यूबमधून नवं वायसर कापून पंपाला बसवलं होतं. “आता बघा सर, कसा ओढतोय,” हे त्यानं सरांच्या अगदी तोंडाशी येऊन सांगितलं होतं.

सरांनी कळ दाबली. टोल थरथरू लागला. सरांनी दांडा ओढायला सुरुवात केली. दांडा लोण्यासारखा चालला. थोड्या वेळानं हात थांबवून ते हंडीवर वाकले. टोल आपटताना स्वच्छ दिसत होता. आवाज नव्हता. जराही नव्हता.

उन्हाळ्यानंतर प्रथमच सरांच्या छातीत काहीतरी हललं.

“येतोय आवाज?”

“नाही सर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. शेवटच्या बाकावर मोठ्या बाईंचेही ओठ सवयीनं हलले.

“आज रिवाज नको. खरं सांगा. येतोय?”

“नाही सर!!”

“झालं एकदाचं,” सर म्हणाले. “बाई, बघितलंत? एवढ्या वर्षांत प्रथमच.”

व्हरांड्यातली ती नवी मुलगी उभी राहिली. तिला या शाळेत थोरलं भावंड नव्हतं. ती काहीतरी बोलली. सरांनी मान हलवली आणि ते पुढे जाऊ लागले. तेव्हा ती बाकातून निघून थेट टेबलापाशी आली.

“सर, नळी लावलीच नाहीये!”

पंपाकडून हंडीकडे जाणारी रबरी नळी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. सर इतका वेळ खोलीची हवा उपसत होते. हंडीतली हवा जागच्या जागी होती आणि घंटा शाळा सुटल्यासारखी कोकलत होती.

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी नळी उचलली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खाली ठेवली.

“वाजतेय?” त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. छातीत हललेलं जे काही होतं, ते परत जागेवर जाऊन बसलं. सरांना कुकर आठवला, मुलीचा फोन आठवला, डब्यातून सुटलेला दोरा आठवला. चांगला दोरा होता.

ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

निरीक्षण – घंटा वाजत आहे. शिक्षकांना ऐकू येत नाही.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “जे दिसलं तेच लिहायचं, हे मी दर वर्षी सांगतो आणि तुम्ही दर वर्षी ऐकत नाही. आपण सारखेच.”

मग त्यांनी नादकाटा रबरावर आपटून कानाशी धरला. काही नाही. पुन्हा आपटून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि डोळे मिटले.

“इथून येतोय,” ते म्हणाले. “हवेतून नाही, हाडातून. वाट बदलली की येतो. एकेकानं करून बघा.”

नादकाटा बाकांवरून फिरू लागला. कुणी कानामागे टेकवला, कुणी दाताला लावून किंचाळलं. तास संपल्याची घंटा झाली. एकही मूल उठलं नाही. मोठ्या बाईही उठल्या नाहीत. सर घन पदार्थांतून आवाज कसा जातो ते समजावत राहिले. दाराशी पुढच्या वर्गाची मुलं दिसली, तेव्हा त्यांनी हातातला खडू ठेवला.

“ग्रंथालयाची किल्ली शिपायाकडे असते ना?”

“किल्लीचं राहू द्या सर, आधी डॉक्टरकडे जा,” मोठ्या बाई म्हणाल्या. सर नुसते बघत राहिले, म्हणून त्यांनी जवळ येऊन तेच मोठ्यानं सांगितलं.

“जाईन की,” सर म्हणाले. “पण किल्ली द्या.”

दुपारी घरी आल्यावर सरांनी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. कानाशी धरलं. मग हाडाशी टेकवलं. ते खाटेवर, बायको झोपायची त्या बाजूला आडवे झाले आणि घड्याळ उशीवर ठेवून त्यावर डोकं टेकलं.

टिकटिक चालू होती. तिचं म्हणणं खरं होतं. डोळ्याला डोळा लागेना.